तेल पुसणाऱ्या गजभियेताई

“जोशी का? मी खालून, तपासणी विभागातून बोलतेय. तुमचा अंगठा माझ्याकडे राहिलाय. येऊन घेऊन जा.”

जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या भिंगांच्या कारखान्यात लागून मला जेमतेम नऊ दिवस झाले होते. दिवसभर कानावर जर्मन पडायचं. त्यातलं ‘या’ म्हणजे हो आणि ‘गेनाऊ’ म्हणजे अगदी बरोबर, एवढंच मला कळायचं, आणि ते दोन शब्द इकडेतिकडे पेरून मी हुशार दिसायचा प्रयत्न करत होतो. अशात टेबलावरच्या फोनमधून स्वच्छ मराठी, तेही माझ्या अंगठ्याविषयी. फोन ठेवल्यावर मी दोन्ही हात समोर धरून पाहिले. खोटं कशाला सांगू, मोजले.

खाली गेलो तर पांढऱ्या कोटातल्या एक बाई दिव्याखाली भिंग धरून उभ्या होत्या. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, कानांच्या वर कापलेले करडे केस, कपाळावर चढवलेला चष्मा. भिंगाच्या बरोबर मध्यभागी, सातबाऱ्यावर असावा तसा ठसठशीत अंगठा उमटला होता.

“हा तुझा ना?” फोनवरचं ‘तुमचा’ जिन्यातच संपलं होतं.

“कशावरून?” मी म्हणालो.

“काल या ट्रेजवळ आलेला नवा माणूस तू एकटा. बाकीच्यांना हातमोजे कशाला असतात ते ठाऊक आहे.” त्यांनी भिंग माझ्या नाकाखाली आणलं. “माझा आजा अंगठा लावून सही करायचा. त्याला शाळेच्या दारात उभं केलं नव्हतं, त्याचा इलाज नव्हता. तुला काय झालं? इंजिनियर आहेस ना?”

मग त्यांनी मला भिंग पुसायला शिकवलं. मधून बाहेर, एकच फेर, आणि तो कागद लगेच टाकून द्यायचा. मी कागद उलटा करून दुसऱ्या बाजूनं पुसायला निघालो. पुण्यात आम्ही कागदाच्या दोन्ही बाजू वापरतो. त्यांनी माझं मनगट धरलं. “अरे, आता पुसून नाही राहिला तू. पसरवून राहिला.”

या डॉक्टर वत्सला गजभिये. नागपूरच्या. भौतिकशास्त्रात पीएचडी करायला आल्या आणि इथेच राहिल्या. मी २०१३ साली तिथे गेलो तेव्हा त्यांची या कारखान्यात सोळा वर्षं झाली होती. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक भिंग बाहेर पडत नसे.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल. पहिली लोकांना हसत सांगतो, ही जरा खाली बघून सांगतो. त्याच आठवड्यात कँटीनमध्ये त्यांच्यासमोर ताट घेऊन बसलो आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे चौकशी सुरू केली.

“मूळचे कुठले तुम्ही?”

“नागपूर.”

“नागपुरात कुठे?”

“इंदोरा.”

“अच्छा. म्हणजे...”

“हो, म्हणजे तेच,” त्या शांतपणे बटाटा कापत म्हणाल्या. “आडनाव ऐकलं होतंस, तेव्हाच कळलं होतं. तरी दोन प्रश्न विचारलेस. तिसरा कोणता होता? विचारून टाक, जेवण निवायच्या आत.”

माझ्याकडे तिसरा प्रश्न नव्हता. तोंडात घास होता तो बराच वेळ तिथेच होता. मी ‘मॅडम’ म्हणून काहीतरी सावरायला गेलो, तर म्हणाल्या, “मॅडम नको. ताई म्हण. आणि पुन्हा कुणाला विचारायचंच झालं तर काय काम करता ते विचार. ते सांगायला लोकांना आवडतं.”

मी लगेच विचारलं, काय काम करता. त्या हसल्या आणि पाऊण तास सांगत होत्या. माझी कँटीनची वेळ संपली, साहेबांची बोलणी खाल्ली, पण एका गोष्टीतून सुटलो, असं तेव्हा वाटलं. खरं तर सुटलो नव्हतो. त्यांनी सोडलं होतं.

ताईंचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं: नको तिथे राहिलेलं तेल. खायच्या तेलाला त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या सावजी रश्श्यावर बोटभर तवंग असायचा आणि मी पाणी मागितलं की त्या पोळी पुढे करायच्या. पण जेवण झाल्यावर दाराची मूठ, नळ, फ्रिजचा कोपरा, जिथे जिथे माझा हात लागला असेल तिथे तिथे त्यांचं फडकं माझ्यामागून फिरायचं. “तेलाचं काम असेपर्यंत तेल. काम झालं की त्यानं जावं. माणसांनीही जावं, पण तू चहा घेऊन जा.”

त्यांच्या टेबलावर त्यांचाच एक फोटो होता. हातात लांब रायफल, अंगात जाड कातडी जाकीट, चेहऱ्यावर आपण भाजी घ्यायला आलोय असा भाव. मला राहवेना.

“ताई, तुम्ही बौद्ध ना? मग बंदूक?”

“कागदाला मारते. कागदाला दुःख होतं असं कुठे लिहिलंय ते दाखव, उद्या सोडते.”

कॉलेजात एनसीसीत असताना त्यांच्या हाती पहिल्यांदा रायफल आली होती. इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी येनाबाहेरच्या एका खेड्यातल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, त्यांनी नाव घातलं. आवड कशाची, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. “निशाणाला आडनाव कळत नाही. कागदाला भोक पडतं. ते कुठे पडलं ते मोजायचं. झालं.” एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या, आणि मी माझ्या तोंडातल्या त्या न गिळलेल्या घासापर्यंत जाऊन आलो.

मंडळाचा कारभारी डीटर नावाचा निवृत्त बसड्रायव्हर होता. ताई पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यानं त्यांना अदबीनं स्वयंपाकघर दाखवलं होतं. ताईंनी स्वयंपाकघर बघितलं, ‘छान आहे’ म्हणाल्या आणि विचारलं, “आता रायफली दाखवता का?” पुढे हाच डीटर आपली काडतुसं मापून घ्यायला त्यांच्या दारात बसू लागला. ‘वत्सला’ म्हणणं त्याला जमेना, म्हणून तो त्यांना ‘फ्राऊ डॉक्टर’, डॉक्टरबाई, म्हणायचा, आणि त्या त्याला ‘हेर ड्रायव्हर’, ड्रायव्हरसाहेब.

एकदा पाहुणा म्हणून मलाही नेम धरायला मिळाला. डीटर शेजारी, ताई मागे. मी श्वास रोखला, मनातल्या मनात पुण्याचं नाव घेतलं आणि चाप ओढला. दुर्बिणीतून बघून डीटर गंभीरपणे म्हणाला, “सुंदर. बरोबर मध्यात. पण तो माझा कागद आहे.” मी शेजारच्या रांगेतलं निशाण फोडलं होतं. ताई एवढंच म्हणाल्या, “डोळा कोणता मिटला होतास?” दोन्ही, हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही.

पण ताईंची खरी जागा ते मैदान नव्हतं. त्यांच्या घराखालचं केलर होतं. तळघरातली सहा पावलांची ती खोली. तिला कुलूप, कपाटाला कुलूप, आणि भिंतीवर काचेत घातलेला सरकारी परवाना. वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचा परवाना. त्यासाठी त्या वर्गाला बसल्या होत्या, परीक्षा दिली होती. मला परवाना नव्हता. त्यामुळे मला बसायला स्टूल आणि हात ठेवायला मांडी, एवढीच सवलत होती. “मांडीवरून हात उचलायचा नाही,” हा त्या खोलीचा पहिला आणि शेवटचा नियम.

गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. स्फोटानं ती किंचित फुगलेली असते. तिला पुन्हा मापात आणायला पोलादी साच्यातून दाबून काढावं लागतं, आणि साच्यात अडकू नये म्हणून आधी तेल लावावं लागतं. ताई लोकरीच्या चरबीचं तेल वापरायच्या. अगदी दोन बोटांच्या चिमटीत, पोराच्या टाळूला लावावं तितकंच. मग बुडाशी पेटवणारी टिकली, मग दारू, मग वर गोळी. काडतूस तयार. फक्त त्याच्या अंगावर ते तेल तसंच असतं.

“असू दे की,” मी म्हणालो होतो. “गंजणार नाही.”

“साबणाच्या हातानं बरणीचं झाकण फिरवून बघितलंयस कधी? बार उडताना पितळेनं नळीच्या भिंतीला घट्ट धरून ठेवायला हवं. तेलकट असलं की ते धरत नाही, सगळा धक्का मागे येतो. मागे काय असतं?”

“काय?”

“माझं तोंड.”

हे तेल काढायला त्यांच्याकडे एक टंबलर होता. आपल्याकडच्या पाटीएवढं झाकणाचं भांडं, खाली मोटर. त्यात मक्याच्या कणसाचा वाळका भुगा. भुग्यात काडतुसं घालून बटण दाबलं की सगळं थरथरत गोल फिरू लागायचं, आणि भुगा तेल पिऊन घ्यायचा. आवाज असा यायचा, की कुणीतरी अतिशय चिकाटीनं तांदूळ निवडतंय. डीटरला हे पटत नसे. भरलेलं काडतूस यंत्रात घालायचं नाही, हातानं पुसायचं, असं त्याचं ठाम मत. ताई म्हणायच्या, आधी रिकाम्या पुंगळ्या फिरवल्या तर मक्याचा कण खालच्या, टिकलीच्या भोकात अडकतो. मी शेवटीच फिरवणार, पण पंधरा मिनिटं, सोळावं नाही, आणि एका वेळी तीसच. त्या दोघांचा हा वाद मी गेलो तेव्हा चालू होता आणि मी येना सोडलं तेव्हाही चालूच होता. घंटा वाजली की ताई एकेक काडतूस बाहेर काढायच्या, फडक्यानं फिरवायच्या, बोटाच्या पेरानं चाचपायच्या, मापात घालून बघायच्या आणि खोक्यात उभं करायच्या.

“एवढं करायचंच आहे तर यंत्र कशाला?” एकदा मी तोऱ्यात विचारलं. मी प्रक्रिया-सुधारणेचं प्रशिक्षण घेतलेला माणूस.

“यंत्र तेल काढतं. मी बघते. ती दोन कामं आहेत.”

२०१७ च्या वसंतात ताईंनी कँटीनमध्ये, मीठ मागावं तसं, सांगितलं की उजव्या डोळ्याची पुढची काच गढूळ होत चाललीये. डॉक्टरांचं म्हणणं, शस्त्रक्रियेनं रस्ता दिसेल, पुस्तक दिसेल. शंभर मीटरवरचा काळा ठिपका मात्र विसरा. डाव्या डोळ्यानं शिका म्हणावं, तर त्यांचा खांदा, मान, श्वास, सगळं तीस वर्षं उजवीकडे बसलेलं. म्हणजे हा हंगाम शेवटचा.

आणि त्यांना एकदा, फक्त एकदा, राज्याच्या स्पर्धेत उभं राहायचं होतं. त्यासाठी जिल्ह्याच्या स्पर्धेत तीस गोळ्यांत दोनशे सत्तर गुण लागायचे. मागची दोन वर्षं त्या दोनशे सदुसष्टवर अडकल्या होत्या. या गोष्टीचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही, पण त्या मे महिन्यात त्यांनी कामावरची कॉफी बंद केली. हाताला कंप नको म्हणून. त्यांना ओळखणाऱ्याला तेवढ्यानं कळलं.

स्पर्धा रविवारी सकाळी. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तो एक पाकीट घेऊन. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझी आई येनाला येऊन गेली होती. ताईंच्या घरी जेवली, दोघींचं गूळपीठ जमलं, पण शेल्फवरची पितळी बुद्धमूर्ती काळपट पडलीये हे आईच्या मनाला लागून राहिलं होतं. “एवढी विद्वान बाई, आणि घरात भांडी घासायची पावडर नाही रे.” मी सुट्टीवरून परतताना तिनं माझ्या बॅगेत तांब्यापितळेच्या पावडरीची दोन पाकिटं कोंबली. “त्यांना नेऊन दे. सांग, थोडं पाणी लावून चोळा, आरसा होईल.” त्यातलं एक माझ्या खिशात होतं.

केलरमध्ये ताईंनी साठ काडतुसं भरून ठेवली होती. तीस स्पर्धेची, दहा आधी नेम जुळवून बघायच्या गोळ्यांसाठी, म्हणजे प्रोबेसाठी, आणि उरलेली अडीअडचणीला. पहिली तीस तेल काढून, तपासून, खोक्यात उभी होती. दुसरी तीस टंबलरमध्ये फिरत होती. इतक्यात नागपूरहून भावाचा फोन आला. तळघरात आवाज नीट येईना. “दोन मिनिटांत आले. मांडीवर हात,” म्हणून त्या वर गेल्या.

आता बघा, मी एकटा. समोर पितळ. खिशात पितळेची पावडर. झाकणाच्या काचेतून बघितलं तर काडतुसं मळकट दिसत होती. उद्या शेवटची मोठी स्पर्धा, ताईंची काडतुसं कशी सोन्यासारखी झळकली पाहिजेत. पितळ म्हटलं की आमच्या घरात एकच प्रश्न विचारतात, लख्ख आहे का. चाळीस पिढ्यांनी समया घासल्या त्याचा जोर माझ्या हातात आला असावा. मी झाकण उचललं आणि चांगला मूठभर पावडरीचा नैवेद्य दाखवला.

ताई परत आल्या तेव्हा घंटा व्हायला चार मिनिटं होती. दारातच थांबल्या. त्यांनी काही बघितलं नव्हतं. वास आला होता.

“चिंचेचा वास काहून येऊन राहिला?”

मी अभिमानानं पाकीट दाखवलं.

त्यांनी बटण बंद केलं. एक काडतूस काढलं, दिव्याखाली धरलं. पावडर तेलात कालवली जाऊन पिठल्यासारखी बसली होती, खालच्या खाचेत, गोळीच्या गळ्याशी. आणि पितळ पिवळं न राहता जागोजाग गुलाबी पडलं होतं. त्यांनी दुसरं काढलं. तिसरं. सगळी तीस काढून फडक्यावर ओळीनं मांडली. तोवर मी समईच्या बाजूनं दोन मुद्दे तयार केले होते, ते तसेच राहिले.

“आंबट पितळ खातं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि घासायची पावडर म्हणजे बारीक वाळू. नळीत गेली तर नळी खरवडून काढील. ही उडवता येणार नाहीत.”

“धुऊन घेऊ?”

“भरलेली काडतुसं? धुऊन?” मग खाली बसल्या. “तुला एकट्याला इथे सोडून वर गेले, ही माझी चूक. असं करायचं नसतं. परवान्याच्या पहिल्या पानावर लिहिलंय.” आणि मग माझ्याकडे वळून, “तुला ते झळकायला कशाला हवे होते रे? मला कोरडे हवे होते.”

दुसरी पुंगळी नाही. बंदुकीचं दुकान दुपारी एकलाच मिटलेलं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. मी डीटरला फोन लावला. तो बिचारा लगेच स्वतःचं खोकं घेऊन निघाला होता, पण त्याची रायफल वेगळ्या मापाची. राहिली ती खोक्यातली तीस. स्पर्धेला लागणार तीस. म्हणजे नेम जुळवून बघायला एकही नाही.

संध्याकाळभर ताई ती नासलेली काडतुसं मोडत बसल्या. पोकळ हातोडीत एकेक घालून लाकडावर ठोकायचं, गोळी सुटते, दारू वेगळी काढायची. मी स्टुलावर, हात मांडीवर. तीस ठोके मोजले. मधे एकदा मी म्हणालो, “ताई, प्रोबेशिवाय कसं होणार? सगळे दहा-दहा मारून बघतात. वारा, उजेड, सगळं...”

“पहिलीच मोजायची मग.” त्यांनी हातोडी उचलली. “आमच्या घरात प्रोबे कुणाला मिळालाय, जोशी? शाळेत गेली ती पहिली मीच. कॉलेजात पहिली मीच. इथे तर विचारूच नको. आधी मारून बघा, मग मोजू, असं कुणी म्हटलं नाही.” ठोका पडला. “चहा टाकशील का? वर जाऊन. इथे काही नको टाकूस.”

रविवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं आणि वारा डावीकडून, थोडासा. रांगेतल्या बाकीच्यांच्या प्रोबेच्या गोळ्या सुटत होत्या. ताई पालथ्या पडून, रायफल खांद्याला लावून, नुसत्या बघत होत्या. दहा मिनिटं. दुसऱ्यांची धूळ कुठे उडते ते बघत होत्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग एक काडतूस भरलं आणि मोजायची पहिली मारली.

मी मागच्या दुर्बिणीतून बघितलं. खाली, डावीकडे. सात.

मी दुर्बीण डीटरकडे दिली. ताईंनी डोकं वर केलं नाही. नेमाची खीळ दोन खाचा फिरवली. पुढची नऊ. मग दहा. मग नऊ, दहा, नऊ, नऊ. मी मोजायचं सोडून दिलं होतं आणि डीटर ओठांत मोजत होता. प्रत्येक गोळीनंतर त्या उजवा डोळा मिटून थोडा वेळ थांबायच्या, त्याला विश्रांती द्यायला, आणि मग उघडायच्या. तिसाव्या गोळीला घड्याळात अर्धं मिनिट उरलं होतं. दहा.

कागद मोजायला डीटर बसला होता. त्यानं दोनदा बेरीज केली आणि चष्मा काढला. दोनशे एकोणसत्तर. मग त्यानं पहिल्या कागदावरची ती सातची गोळी जवळ घेतली. भोक आठच्या रेघेच्या इतकं लगत होतं की रेघेला स्पर्श झाला असता तर आठ मिळाले असते. डीटरनं भोकात मोजायची खुंटी घातली, वाकून बघितलं, पुन्हा वाकून बघितलं. मग म्हणाला, “आल्झो, तर मग. लागतेय. मला तरी लागलेली दिसतेय. आठ. दोनशे सत्तर.”

त्यानं पेन उचललं. मी टाळ्या वाजवायला हात मांडीवरून उचलले.

“दाखवा,” ताई म्हणाल्या.

त्यांनी खिशातलं भिंग काढलं, कामावरचंच. उजव्या डोळ्याशी नेलं, मग आपणहून डाव्याशी घेतलं. कागद उन्हाकडे तिरका केला. एवढा वेळ बघितलं, की मागच्या रांगेतला माणूस आपला कागद घेऊन खोळंबला.

“लागत नाही, हेर ड्रायव्हर. कागदाचा धागा आहे मधे. पांढरा. बघा.”

डीटरनं बघितलं नाही. “फ्राऊ डॉक्टर, मोजणारा मी आहे.”

“मग नीट मोजा.”

मला राहवलं नाही. मी मराठीत, हळू आवाजात, म्हणजे सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा, म्हणालो, “ताई, तो देतोय ना आठ? तुम्हाला कोण विचारतंय? काल मी ती पावडर टाकली नसती तर ही गोळी प्रोबेत गेली असती. हा गुण माझ्यामुळे गेलाय.”

“पावडर तुझी,” त्या म्हणाल्या. “गोळी माझी.” आणि डीटरकडे वळून जर्मनमध्ये, “वीस वर्षं मी लोकांची भिंगं परत पाठवते, केसाएवढ्या फरकासाठी. माझ्याच कागदाला कसं सोडू? सात लिहा.”

डीटरनं सात लिहिलं. आकडा जरा जास्तच जोरात लिहिला, कागद दबला. मग उठून उभा राहिला आणि त्यांच्याशी हात मिळवला. या माणसानं त्यांना एकेकाळी स्वयंपाकघर दाखवलं होतं. हात त्यानं बराच वेळ सोडला नाही.

परतताना गाडी मी चालवत होतो. रायफल मागे कुलपात. ती गाडीत असताना वाटेत कुठेही थांबायचं नाही, कॉफीलाही नाही, हा ताईंचा नियम. त्यामुळे बोलायला तोंड आणि बघायला रस्ता, एवढंच होतं. मी माफी मागायला चारदा सुरुवात केली. दोनदा त्यांनी खिडकी खाली केली. तिसऱ्यांदा विचारलं, आईची तब्येत कशी आहे. चौथ्यांदा मीच थांबलो.

मला पुढच्याच महिन्यात डार्मश्टाटला नवी नोकरी लागायची होती. ताई त्यानंतर भेटल्या, फोनवर तर कितीदा. डोळ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, रस्ता दिसतो, पुस्तक दिसतं. रायफल त्यांनी मंडळातल्या एका बाईला रीतसर कागद करून दिली. पण मला त्या आठवतात त्या त्या गाडीत, येनात शिरताना, पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला.

दिवा लाल होता. ताईंनी मांडीवरचा तो पहिला कागद उचलला. सातच्या भोकाजवळ बोट ठेवलं, कागद उजव्या डोळ्यापुढे धरला आणि त्या भोकातून बाहेर बघू लागल्या. डावा डोळा मिटलेला.

“बारीक छिद्रातून बघितलं की गढूळ डोळ्यालाही स्पष्ट दिसतं,” त्या म्हणाल्या. “साधं प्रकाशशास्त्र आहे.”

मी सिग्नल सोडून त्या कागदाकडे बघू लागलो.

“मग? दिसतंय?” मी विचारलं.

त्यांनी कागद थोडा पुढे केला, थोडा मागे. प्रामाणिकपणे, वेळ घेऊन.

“छे. भोक फार मोठं आहे. याचा काही उपयोग नाही.” कागद त्यांनी खाली घेतला नाही. “हिरवा झालाय, एवढं कळतंय. चल, मागचे खोळंबलेत.”